काड्यांची आणि तांदळाची शिस्त



आगपेटी मेजावर उपडी केली की काड्या वाटेल त्या दिशांना तोंडे करून पसरतात. त्या पुन्हा पेटीत भरावयाच्या तर सरळ लावाव्या लागतात, आणि ते काम आपल्या बोटांनाच करावे लागते. यावरून, व्यवस्था म्हटली की ती लावणारा कोणी तरी हवा, निदान घटकांना एकत्र आणणारी काही ओढ तरी हवी, असा आपला समज होतो. पदार्थविज्ञानाने हा समज अपुरा ठरविला आहे. ज्यांच्यात परस्परांविषयी आकर्षण मुळीच नाही, एकाने दुसऱ्याच्या अंगात शिरावयाचे नाही एवढाच निर्बंध ज्यांच्यावर आहे, असे कणही केवळ आकारामुळे आणि दाटीमुळे शिस्तीत येऊ शकतात. ते कसे, हे आज आपण पाहू.

सपाट पृष्ठावर एकेक सेंटिमीटर लांबीच्या दोन अतिशय बारीक सुया आहेत असे समजा. पहिली स्थिर आहे आणि दुसरी तिच्याशी काटकोन करून आहे. दुसरीची दिशा न बदलता तिला सर्वत्र सरकवून पाहिले, तर तिच्या मध्यबिंदूला बंद असलेली जागा एक चौरस सेंटिमीटर भरते. दोघींमधील कोन तीस अंशांचा केला की ही जागा निम्मी होते. आणि दोघी समांतर झाल्या की जवळजवळ नाहीशीच होते. तात्पर्य, आडवी पडलेली सुई शेजारणीची जागा अडविते, समांतर सुई ती मोकळी ठेवते. सुया विरळ असताना या अडवणुकीचे कोणाला काही वाटत नाही. प्रत्येक सुई हवी तशी वळते. पण दाटी वाढली की वळण्याचे स्वातंत्र्य थोडे सोडून सरकण्याचे स्वातंत्र्य पुष्कळ मिळविणे लाभाचे ठरते. जी अवस्था अधिकाधिक प्रकारांनी साकार होऊ शकते तिच्याकडे असा समूह झुकतो. या प्रकारांच्या मापासच एंट्रॉपी म्हणतात. नॉर्वेत जन्मलेले शास्त्रज्ञ लार्स ऑन्सागर यांनी १९४९ साली त्रिमितीतील लांब, बारीक दंडांसंबंधी हा विचार गणिताने मांडला.

त्रिमितीतला हा नियम सपाट पृष्ठावर मात्र जसाच्या तसा उतरत नाही. तेथे प्रत्येक कण शेजाऱ्याशी जवळजवळ समांतर असला, तरी लहान लहान फरक साठत जातात आणि दूरच्या कणाची दिशा निराळी पडते. १९८५ साली फ्रेंकेल आणि एपेंगा या डच शास्त्रज्ञांनी अशा सुयांचे वर्तन संगणकावर तपासले. दाट समूहात दिशांचा मेळ अंतरागणिक हळूहळू ओसरतो, एकाएकी तुटत नाही, असे त्यांना आढळले. पुढे २००० साली बेट्स आणि फ्रेंकेल यांनी गोल टोकांचे दंड घेऊन असे दाखविले, की लांबी जाडीच्या सुमारे सातपटीहून कमी झाली म्हणजे ही समांतर अवस्था येतच नाही. शेजारच्या चार कणांपुरती व्यवस्था तेवढी उरते.

टोकांच्या घडणीने काय फरक पडतो, याचा एक सुंदर प्रयोग आपल्या देशात झाला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विजय नारायण व श्रीराम रामस्वामी यांनी अमेरिकेतील नारायणन मेनन यांच्यासह २००६ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी लहान दंडांचा एकच थर पसरून त्याला खालीवर कंप दिला. सपाट टोकांच्या दंडांमध्ये परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन दिशांकडे कल दिसला. लाटण्याप्रमाणे टोकांशी निमुळते असलेले दंड मात्र एकाच दिशेस लागले. आणि या दोहोंच्या मधला आकार ज्याचा, त्या बासमती तांदळात दाणे थरांच्या ओळी धरू पाहत असल्याच्या ठळक खुणा आढळल्या. सपाट टोक दुसऱ्याच्या कुशीला नीट टेकते, निमुळते टोक तेथे पोकळी सोडते, हे ध्यानात घेतले म्हणजे या भेदाचा काहीसा उलगडा होतो.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. हलविलेले तांदूळ म्हणजे उष्णतेने हालणारे रेणू नव्हेत. त्यांना बाहेरून सतत ऊर्जा मिळते आणि आपटण्या-घासण्यात ती खर्च होते. म्हणूनच आखूड निमुळत्या दंडांमध्ये मोठमोठे भोवरे फिरताना दिसले. समतोल पावलेल्या समूहात असे भोवरे संभवत नाहीत. तेव्हा ऑन्सागरांचे गणित येथे सरसकट लावता येणार नाही. तरीही आकार आणि दाटी यांचा प्रभाव दोन्हीकडे दिसतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

एंट्रॉपी म्हणजे गोंधळ, अशी व्याख्या पुस्तकांतून वारंवार दिली जाते. ती सोयीची आहे, परंतु पुरती खरी नाही. दाटीच्या जागी हालचालीला अधिकात अधिक वाव ठेवावयाचा, तर पुष्कळदा रांगच धरावी लागते; आणि ती रांग धरावयास लावणारी शक्ती बाहेरची नसून त्या मोकळेपणाच्या हिशेबातच दडलेली असते.