आवक म्हणजे काय?

(भाषणाचा मजकूर)



तुमच्या जाळ्यात सापडते ती इसवण. मुंबईच्या बाजारात तिलाच सुरमई म्हणतात. तिथे जाऊन इसवणीचा दर विचाराल तर समोरचा तोंडाकडे बघत राहील. मासा तोच, पण तिथले नाव ठाऊक नाही म्हणून दर कळत नाही. सुरतेतल्या मराठी मुलांची गत अशीच आहे. त्यांची हकीकत आज तुमच्यापुढे मांडतो.

धुळे, जळगाव, नंदुरबारकडची कष्टकरी माणसे पोटासाठी सुरतेच्या यंत्रमागांवर गेली. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत त्यांची दाट वस्ती आहे. घरात अहिराणी, शाळेत मराठी, कारखान्यात हिंदी, कचेरीत गुजराती! सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मुले हुशार आहेत. दुकानात गुजरातीतून घासाघीस करतात. पण बोलणे वेगळे आणि पुस्तकातून, कचेरीतून माहिती शोधून काढणे वेगळे.

गणितात 'मसावि' शिकलेला मुलगा गुजराती पुस्तकात मसावि शोधत बसतो. तिथे त्याला 'गुसाअ' म्हणतात. गुजराती प्रश्नपत्रिकेत 'खाली जग्या पूरो' असे असते, म्हणजे रिकाम्या जागा भरा. मराठी डोळ्यांना खाली म्हणजे तळाशी! शब्द अगदीच परका असता तर पोराने कोणाला तरी विचारले असते. ओळखीचा वाटणारा शब्दच जास्त फसवतो.

'आवक' हाच शब्द घ्या. तुम्हाआम्हाला आवक म्हणजे बाजारात आलेला माल. कांद्याची आवक, बांगड्यांची आवक. गुजरातीत आवक म्हणजे माणसाची कमाई. शिष्यवृत्तीसाठी 'आवकनो दाखलो' मागतात, तो आपला उत्पन्नाचा दाखला. (आणि दाखलो म्हणजे गणितातले उदाहरणसुद्धा! पोराने काय समजावे?)

आता खिशात मोबाइल आला. मुलगी मराठीत 'शिष्यवृत्ती' असे लिहून शोधते. उत्तरही मराठीत येते, पण ते बहुधा महाराष्ट्राच्या 'महाडीबीटी'चे. तिचा अर्ज भरायचा असतो 'डिजिटल गुजरात'वर. नियम निराळे, कागद निराळे. उत्तर खरे असते, पण तिच्या कामाचे नसते. आणि हे तिला घरी सांगणार कोण? बाप बारा तासांची पाळी करून नुकता आडवा झालेला असतो.

उपाय फार खर्चाचा नाही. गुजराती लिपी म्हणजे शिरोरेघ काढलेली देवनागरीची बहीणच. अक्षरांचा क्रमही तोच. सुरतेच्याच कवी नर्मदने एकट्याच्या जिद्दीने गुजरातीचा शब्दकोश रचला, तो 1873 साली छापून निघाला. इथे तर शे-दोनशे शब्दांच्या जोड्या वर्गाच्या भिंतीवर लावायच्या आहेत: मसावि–गुसाअ, उत्पन्न–आवक. एवढे काम कोणताही शिक्षक एका सुटीत करील. मुलांनीही शोधताना दोन्ही शब्द घालून पाहावे आणि राज्याचे नाव विसरू नये.

तुमच्यापैकी ज्यांचे सोयरे सुरतेकडे असतील त्यांनी नुसते 'अभ्यास कर' म्हणून कळवू नये. आवकनो दाखलो काढलास का, ते विचारावे.