गव्हाचे दाणे आणि एका माणसाचा धर्म
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी कोणीतरी एका थोर माणसाविषयी बोलावे, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा माझे नाव पुढे आले तेव्हा मी घाबरलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मग ठरविले की, आपल्याला जे कळते त्याच्या आधाराने बोलावे. मला गहू कळतो. म्हणून आज एका गिरणीवाल्याची हकीकत सांगते. त्यांचे नाव बर्नहार्ड वॉर्केंटिन. माझ्या जावेचा मुलगा अमेरिकेत कॅन्सस राज्यात शिकायला आहे. त्याने ही माहिती मला मराठीत लिहून पाठविली.

वॉर्केंटिन यांचा जन्म १८४७ साली दक्षिण रशियात, म्हणजे हल्लीच्या युक्रेनमध्ये झाला. वडिलांचा धंदा गिरणीचा. घरातली भाषा जर्मन आणि पंथ मेनोनाइट. सोळाव्या शतकात हॉलंडकडे मेनो सायमन्स नावाचे धर्मगुरू होऊन गेले, त्यांच्यावरून ख्रिस्ती लोकांतल्या या पंथाला नाव पडले. यांचे नियम साधे, पण पाळायला कठीण. बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतः समजून घ्यायचा. शपथ वाहायची नाही. आणि हाती शस्त्र धरायचे नाही, शत्रूवरसुद्धा नाही.

रशियाच्या कॅथरीन राणीने अठराव्या शतकात या लोकांना जमिनी देऊन वसविले. सैन्यातून त्यांना माफी होती. दोन-तीन पिढ्या सुखात गेल्या. पुढे १८७० च्या सुमारास सरकारचा विचार बदलला आणि १८७४ साली सर्वांना लष्करी नोकरी सक्तीची झाली. भरलेले घर, कसलेली जमीन, गाईगुरे एका बाजूला, आणि पूर्वजांनी दिलेला शब्द दुसऱ्या बाजूला! पुष्कळजण तेथेच राहिले. त्यांच्या मुलांना पुढे बंदुकीऐवजी वनखात्याचे काम करण्याची सवलत मिळाली. पण दहाएक वर्षांत सुमारे अठरा हजार माणसे घरदार विकून अमेरिकेत आणि कॅनडात गेली.

भगिनींनो, खरे सांगते, हे प्रथम वाचले तेव्हा मला रुचले नाही. माझे थोरले भाऊ सैन्यात होते. आमच्या माहेरी त्यांच्या गणवेशाला आम्ही हात जोडत असू. देशासाठी लढायचे नाही म्हणून निघून जाणारी ही कसली माणसे, असे मनात आले. पण पुढचे वाचले आणि माझे मत जरा थांबले.

वॉर्केंटिन १८७२ साली, पंचवीस वर्षांचे असताना, मित्रांबरोबर अमेरिका पाहायला गेले आणि तेथेच राहिले. जमीन कशी, पाऊस किती, कायदा काय, हे सर्व ते रशियातल्या आपल्या मित्राला, डेव्हिड गोर्त्स यांना, पत्रांतून कळवीत. ती पत्रे वाचून कितीतरी कुटुंबांना धीर आला. १८७३ साली निर्वासितांसाठी एक मंडळ स्थापन झाले, त्याचे काम वॉर्केंटिन यांनी पाहिले. कोणाची बोटीची सोय, कोणाला कर्ज, कोणाला जमीन! स्वतः आधी पोहोचलेला माणूस मागच्यांसाठी दार उघडे धरून उभा राहिला.

कॅन्ससमध्ये हॅल्स्टेड गावी त्यांनी गिरणी घातली. १८७५ साली विल्हेल्मिना यांच्याशी लग्न झाले. त्याही गिरणीवाल्याचीच लेक. कार्ल आणि एडना ही त्यांची मुले. पुढे हे कुटुंब न्यूटन गावी राहावयास गेले.

आता गव्हाचे. १८७४ साली कॅन्ससमध्ये टोळधाड आली आणि उभी पिके फस्त झाली. त्याच वर्षी हे नवे लोक आले आणि त्यांच्याबरोबर रशियातला लाल, कठीण दाण्याचा गहू आला. त्याला तिकडे ‘टर्की रेड’ म्हणतात. पेटीत भरण्यासाठी लेकीबाळींनी एकेक दाणा निवडला, असे तिकडे सांगतात. खरेखोटे देव जाणे, पण सुपात गहू घेऊन बसणाऱ्या कोणत्याही बाईला ते पटेल. हा गहू शरद ऋतूत पेरतात, तो हिवाळाभर बर्फाखाली तग धरतो आणि कडक उन्हाच्या आधी कापणीला येतो. दाणा इतका कठीण की, जुन्या दगडी जात्यांवर तो नीट दळला जात नसे, म्हणून गिरणीवाले नाके मुरडीत. पोलादी रुळांच्या गिरण्या आल्यावर ती अडचण गेली. वॉर्केंटिन यांनी हे बी पुढे रशियातून मोठ्या प्रमाणावर आणविले. श्रेय त्यांच्या एकट्याचे नाही, पण कॅन्सस गव्हाचे कोठार झाले त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. न्यूटनच्या बेथेल कॉलेजच्या उभारणीलाही त्यांनी हातभार लावला.

त्यांचा शेवट ऐकून मन चरकते. १८७४ मध्ये ज्यांच्या लोकांनी बंदूक नको म्हणून घर सोडले, ते वॉर्केंटिन १९०८ साली पवित्र भूमीच्या यात्रेस गेले असता आगगाडीत दुसऱ्या प्रवाशाच्या पिस्तुलातून चुकून सुटलेल्या गोळीने गेले. मग त्यांचा धर्म फुकट गेला काय? मला तसे वाटत नाही. मरण कसे यावे हे आपल्या हाती नसते. जगावे कसे, एवढेच हाती असते.

आणखी एक गोष्ट. १९०० साली आपल्या देशात भयंकर दुष्काळ होता. तेव्हा कॅन्ससच्या मेनोनाइटांनी इकडे धान्य पाठविले, आणि त्यासाठी तेच डेव्हिड गोर्त्स हिंदुस्थानात आले. ज्यांना एकदा कोणी आसरा दिला, त्यांनी दुसऱ्याची भूक ओळखली.

माझ्या भावाविषयीचा अभिमान आजही तसाच आहे. पण आता मी या लोकांना भित्रे म्हणणार नाही. भित्रा माणूस शब्द सोडतो आणि घर राखतो. यांनी घर सोडले आणि शब्द राखला. त्याची किंमत दुसऱ्याकडून न घेता स्वतः भरली.

उद्या गहू निवडायला बसाल तेव्हा या माणसाची आठवण ठेवा.