परिप्रश्न : शिक्षणातील हरवलेला दुवा

(उमरगा येथे शिक्षक आणि पालक यांच्या एकत्रित मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



'अध्ययन-अध्यापनात विचारपूर्वक संवादाचे स्थान' हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा की, या विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय? शिक्षकाला बोलण्याची सवय असते, ऐकण्याची नसते. म्हणून उपदेशाने सुरुवात न करता माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने करतो. ती चूक याच परिसरातील आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळी विसरू शकत नाहीत. गणरायाचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती आणि चारच्या सुमारास धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची कितीतरी गावे क्षणात ढिगाऱ्याखाली गेली. हजारो माणसे दगावली. त्यानंतर काही महिन्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये आमचे वर्ग पुन्हा सुरू झाले. मी भूगोल शिकवीत होतो. पाठ होता दख्खनच्या पठाराचा. हा भूभाग अतिप्राचीन आणि स्थिर आहे, असे मी सांगितले आणि फळ्यावर लिहिले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या घरची दोन माणसे भूकंपात गेली होती. तो म्हणाला, "सर, पठार स्थिर आहे, तर मग आमचं घर का पडलं?"

मी काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, "परीक्षेत जे विचारतात तेवढे लिहून घे. खाली बस."

तो बसला. त्या वर्षात त्या वर्गाने मला दुसरा प्रश्न विचारला नाही. कित्येक वर्षे मी त्या शांततेला शिस्त समजत होतो. ती शिस्त नव्हती. तो अबोला होता.

उत्तर दारातच होते

पुढे वाचन वाढले तेव्हा ध्यानात आले की, त्या मुलाने जो प्रश्न विचारला तोच जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ विचारीत होते. भूकंप प्रामुख्याने भूपट्टांच्या सीमांवर होतात; मग पठाराच्या पोटात सुमारे ६.२ तीव्रतेचा धक्का कसा बसला? स्थिर मानल्या गेलेल्या भूभागातील भूकंपाचे ठळक उदाहरण म्हणून किल्लारीचा अभ्यास झाला. म्हणजे तो मुलगा पाठ्यपुस्तकाच्या एक पाऊल पुढे उभा होता आणि मी, त्याचा शिक्षक, त्याला मागे ओढीत होतो.

त्याच्या प्रश्नाचा दुसरा भाग तर आणखी जवळचा होता. घर का पडले? त्याचे उत्तर ज्ञानकोशात नव्हते, गावात होते. आपल्याकडच्या भिंती जाडजूड, दगड-मातीच्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा. दोहोंना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. वर माळवदावर वर्षानुवर्षे चढवलेल्या मातीचे ओझे. धक्का बसताच भिंती फुटल्या. परंतु अनेक घरांत भिंती कोसळल्या तरी आतील लाकडी खांबांचा सांगाडा उभा राहिला. वर्गातल्या प्रत्येक मुलाने हे डोळ्यांनी पाहिले होते. मी एवढेच म्हणायला हवे होते की, "बाळा, मलाही नीट ठाऊक नाही. चल, उद्या आपण सगळे जाऊन पाहू. कोणती भिंत पडली, कोणता खांब उभा राहिला ते टिपून घेऊ." त्या एका तासात भूगोल झाला असता, विज्ञान झाले असते आणि त्या लेकराच्या मनातील दुःखाला बोलण्यासाठी वाट मिळाली असती. मी तिन्ही घालवले.

आपण कोणता दुवा गमावला?

आपल्या परंपरेविषयी आपण अभिमानाने बोलतो. बोललेच पाहिजे. पण ती परंपरा नेमके काय सांगते, हेही पाहिले पाहिजे. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याची तीन साधने सांगितली आहेत : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. आपण पहिले आणि तिसरे ठेवले. मधले सोडून दिले. मुलांनी वाकून नमस्कार करावा, सांगितलेले काम ऐकावे, ही अपेक्षा आपण करतो आणि ती योग्यच आहे. पण त्याच मुलाने "असे का?" म्हटले की आपण म्हणतो, "उलट बोलू नकोस." प्रश्न आणि उलट उत्तर यांतील भेद जिथे पुसला जातो, तिथे शिक्षण थांबते आणि पाठांतर उरते.

उपनिषदे म्हणजे प्रामुख्याने गुरु-शिष्यांचे संवादच आहेत. बारा वर्षे अध्ययन करून चोविसाव्या वर्षी घरी आलेला श्वेतकेतू विद्येच्या गर्वाने फुगला होता. पिता उद्दालकाने त्याला व्याख्यान दिले नाही. वडाचे फळ आणायला लावले, फोडायला लावले, बी फोडायला लावले आणि विचारले, "काय दिसते?" मीठ पाण्यात टाकायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी वरून, मधून, तळातून चाखायला लावले. सिद्धान्त सांगण्यापूर्वी मुलाला पाहू द्यायचे आणि काय पाहिलेस ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे, ही उद्दालकाची पद्धत.

प्रश्नोपनिषदातील पिप्पलाद ऋषींकडे सहा जिज्ञासू आले. ऋषींनी त्यांना एक वर्ष तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धेने राहायला सांगितले. त्यानंतर हवे ते विचारा, आम्हाला माहीत असेल तर सर्व सांगू, असे म्हटले. या छोट्या प्रसंगात शिष्य आणि गुरु या दोघांसाठीही बंधन आहे. शिष्याने तयारी केल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही आणि गुरूने 'माहीत असेल तर' हे शब्द उच्चारायला लाजायचे नाही. एवढ्या थोर ऋषीला जे म्हणता आले, ते मला पत्र्याच्या शेडमध्ये म्हणता आले नाही.

वाद, जल्प आणि वितंडा

संवाद म्हणजे वाटेल ते बोलण्याची मुभा, असा समज आज वाढतो आहे. त्याचेही उत्तर आपल्याकडे आहे. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार मानले. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता केवळ समोरच्याची पाडायची, ती वितंडा. गुरु, शिष्य, सहाध्यायी अशा असूयारहित माणसांशी करायचा तो वाद. चरकसंहितेनेही वैद्याला सांगितले की, आपल्या शास्त्राच्या जाणकाराशी चर्चा करीत राहा, त्याने ज्ञान वाढते. आणि स्नेहभावाने होणारी चर्चा व झुंजीच्या भावनेने होणारी चर्चा यांतील फरक ओळखा.

आज दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आपली मुले रोज काय पाहतात? बहुतांशी जल्प आणि वितंडा. वाद कसा करावा हे त्यांना कुठे पाहायला मिळणार? वर्गात आणि घरात मिळाले नाही, तर कुठेच नाही.

याच मातीतील साक्षी

इथून थोड्याच अंतरावर, सीमेपलीकडे बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांच्या पुढाकाराने तिथे अनुभव मंटप भरत असे. परीट असलेले मडिवाळ माचिदेव, नावाडी असलेले अंबिगर चौडय्या आणि अनेक व्यवसायांतील शरण-शरणी एकत्र बसून अध्यात्माची चर्चा करीत. अक्कमहादेवी तेथे आल्या, तेव्हा अल्लमप्रभूंनी त्यांना कठोर प्रश्न विचारले आणि त्यांनी निर्भयपणे उत्तरे दिली, अशी परंपरा सांगते. जात, व्यवसाय आणि स्त्री-पुरुष भेद ओलांडणारी ही संवादाची बैठक म्हणजे समरसतेचा प्रत्यक्ष पाठ होता. आपल्या ज्ञानेश्वरीचे रूपही तेच. श्रीकृष्णार्जुनांच्या संवादाभोवती ज्ञानदेव, श्रोते आणि निवृत्तिनाथ यांचा दुसरा संवाद सतत चालू असतो.

आणखी जवळ या. लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे निजामी राजवटीत राष्ट्रीय शाळा चालली. माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू, सभा-संमेलनांवर बंधने, असा तो काळ. मजूर चळवळीतून आलेले व्यंकटेश खेडगीकर १९२९ मध्ये या शाळेचे मुख्याध्यापक झाले. नंतर त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांनी केले, हे सर्वज्ञात आहे. प्रश्न विचारायला माणसाला स्वतःची भाषा लागते. परक्या भाषेत मूल उत्तर पाठ करू शकते, शंका मात्र मातृभाषेतच उमटते. ज्या राजवटीत प्रश्न विचारणे हाच अपराध, तिथे मातृभाषेतील शाळा हे स्वातंत्र्याचे पहिले ठाणे असते. १७ सप्टेंबर १९४८ ची पहाट अशा ठाण्यांवर जागणाऱ्यांनी आणली.

आपल्याच जिल्ह्यात यमगरवाडीला १९९३ मध्ये गिरीश प्रभुणे आणि सहकाऱ्यांनी भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी काम उभे केले. पारध्याचे मूल शाळेत येते तेव्हा त्याची पाटी कोरी असते, हा आपला भ्रम. रानातील पायवाट, पाखरांचे आवाज, प्राण्यांच्या पाऊलखुणा त्याला ठाऊक असतात, आपल्याला नसतात. अशा मुलाला शिकवायचे तर आधी त्याला विचारावे लागते. भूकंपानंतर पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने हराळीला निवासी शाळा उभी केली. कोसळलेल्या भिंतींबरोबर मनेही उभारावी लागतात, ही त्यामागची जाण. उमरग्याच्या वर्गात आजही एकाच बाकावर मराठी, कन्नड, उर्दू आणि तांड्यावरची गोरमाटी बोलणारी मुले बसतात. त्यांना बोलते करणे हेच राष्ट्रीय एकात्मतेचे काम आहे; त्यासाठी वेगळ्या घोषणेची गरज नाही.

मग अभ्यासक्रम कधी संपवायचा?

हा प्रश्न आता शिक्षकांच्या मनात आला असेल. साठ मुलांचा वर्ग, अपुरा वेळ, वर अहवालांचे काम. पालकांचे डोळे लातूरच्या शिकवणी वर्गांकडे. मी ही अडचण नाकारीत नाही. स्पर्धा परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो आणि त्यात यश मिळवणाऱ्या मुलांचे कौतुकच आहे. परंतु आयुष्य चार पर्याय छापून देत नाही. शिवाय आता तयार उत्तर भ्रमणध्वनी क्षणात देतो. उत्तर सांगणारा एवढीच शिक्षकाची ओळख असेल, तर त्याची गरज संपली. योग्य प्रश्न घडवणारा, उत्तर पारखायला शिकवणारा शिक्षक मात्र कधी कालबाह्य होणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पाठांतराऐवजी जिज्ञासा, चर्चा आणि चिकित्सक विचार यांवर भर दिला आहे. पण धोरण कागदावर असते. ते वर्गात उतरवायचे तर शिक्षकाला स्वतःचा अहंकार थोडा बाजूला ठेवावा लागतो.

म्हणून मी मोठे काही मागत नाही. शिक्षकांनी प्रत्येक तासातील पाच मिनिटे मुलांच्या प्रश्नासाठी राखावीत आणि प्रश्न विचारल्यावर उत्तराची घाई न करता थोडे थांबावे. उत्तर येत नसेल तर "उद्या शोधून सांगतो" म्हणावे आणि उद्या खरोखर सांगावे. पालकांनी रात्रीच्या जेवणाच्या वेळी "आज किती गुण मिळाले?" याऐवजी "आज काय विचारलेस?" असे विचारावे. आणि सामाजिक कामातील कार्यकर्त्यांना सांगतो, बौद्धिकानंतर 'काही शंका?' असे म्हणून आपण लगेच उठतो, ती सवय सोडावी. तरुणाची शंका ही त्याच्या निष्ठेची उणीव नसते. बहुतेक वेळा ती निष्ठेची पहिली पायरी असते. आपल्याकडे उत्तर मिळाले नाही, तर तो ते दुसरीकडे शोधील आणि तिथे ते कोणत्या हेतूने दिले जाईल हे आपल्या हाती नसेल.

तो मुलगा पुढे काय झाला, हे मला ठाऊक नाही. आठवी झाल्यावर त्याचे कुटुंब गाव सोडून गेले. आज तो असेल चाळिशीच्या पुढे. कदाचित त्याचे मूलही याच सुमारास कुठल्या तरी शाळेत मागच्या बाकावर बसले असेल. ते मूल हात वर करील तेव्हा समोरच्या शिक्षकाने त्याला खाली बसवू नये, एवढ्यासाठी आज मी आपल्यासमोर उभा राहिलो.

आता मी थांबतो. माझे बोलून झाले. आपले प्रश्न ऐकण्यासाठी मी बसून राहणार आहे.