वायफाय कनेक्टेड, पण नेट नाही

आज एका फोनची गोष्ट सांगतो.

रात्री नऊला सांगलीहून मामेबहिणीचा फोन. "दादा, लॅपटॉपवर वायफाय कनेक्टेड दाखवतंय, पण काहीच उघडत नाही. बाराच्या आत प्रोजेक्ट अपलोड करायचाय." घरातले सगळे मोबाइल त्याच वायफायवर मस्त चालू. हॉटस्पॉट देऊन बघितला, तरी लॅपटॉप ढिम्म! संध्याकाळी दुकानात दाखवला, तर म्हणे कार्ड गेलंय, नाहीतर फॉरमॅट मारू. आणि प्रोजेक्ट त्याच डिस्कवर, दुसरी कॉपी नाही.

आता कार्ड गेलं असतं तर वायफाय जोडलंच कसं गेलं असतं? मी म्हटलं, फोनमध्ये त्या वायफायच्या नावावर टॅप कर आणि आयपी ॲड्रेस वाच. १९२.१६८.१.७. गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता, १९२.१६८.१.१. मग लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' टाइप करायला लावलं. तिथे १९२.१६८.०.५०.

तिसरा आकडा बघा. फोनला एक, लॅपटॉपला शून्य. राउटर एका गल्लीत आणि लॅपटॉप त्याला शोधतोय भलत्याच गल्लीत. कुणीतरी तो पत्ता हाताने टाकून ठेवला होता, आणि ॲडॅप्टरवर टाकलेला पत्ता प्रत्येक वायफायला लागतो. म्हणून हॉटस्पॉटही चालेना. जुन्या राउटरची गल्ली शून्यच होती, त्यामुळे इतके दिवस कुणाला पत्ता लागला नाही. मागच्या आठवड्यात नवीन फायबर आलं आणि गाडं अडलं.

(१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला असता तर मामला वेगळा. तेव्हा लॅपटॉप राउटरकडे पत्ता मागतो, पण उत्तर येत नाही.)

मग रनमध्ये 'एनसीपीए डॉट सीपीएल', वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आयपी व्हर्जन फोर, आणि पत्ता ऑटोमॅटिक. तरी साइट उघडेना! पावणेअकरा वाजलेले. घाम फुटला मला. '८.८.८.८' ला पिंग करायला सांगितलं, तर उत्तर येतंय. म्हणजे नेट आहे, फक्त नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएस चुकलाय. त्याच खिडकीत खाली डीएनएसचं वेगळं बटण असतं, तिथे जुनाच आकडा बसलेला. वरचं बदललं म्हणून खालचं आपोआप बदलत नाही. तेही ऑटोमॅटिक केलं आणि साइट उघडली.

नेटवर्क रीसेटनेही हे सुटलं असतं, पण सेव्ह केलेले वायफाय पासवर्ड जातात, म्हणून मी ते शेवटी ठेवतो. आणि खरं तर केबल लावून यूएसबी टेदरिंग केलं असतं तर अपलोड आधीच उरकलं असतं, कारण तो ॲडॅप्टर वेगळा. हे मला दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना सुचलं!

अकरा वीसला अपलोड झालं. मग ती म्हणाली, "दादा, दिवाळीत फाइल पाठवायला म्हणून तू काहीतरी आकडे टाकले होतेस ना?"

हो. मीच.