उड्या, उसळता पट आणि लसीका



शरीरात रक्ताखेरीज आणखी एक प्रवाह अखंड चालू असतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पाझरलेला जो द्रव रक्तात थेट परतत नाही, तो लसीका होऊन लसीकावाहिन्यांतून वाहतो आणि मानेच्या तळाशी पुन्हा रक्तास मिळतो. वाटेतील लसीकाग्रंथी रोगजंतूंना अडवितात. या प्रवाहास हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचे स्वतःचे आकुंचन, स्नायूंची हालचाल व श्वासोच्छ्वास यांच्या योगे तो पुढे सरकतो. झडपा त्यास मागे फिरू देत नाहीत.

शहरांतून हल्ली छोट्या ट्रॅम्पोलिनचा, म्हणजे चौकटीस ताणून बसविलेल्या उसळत्या पटाचा, बोलबाला आहे. कठीण जमिनीवरील उड्यांपेक्षा त्यावरील उड्यांनी लसीका अधिक वाहते, असे सांगितले जाते आणि अमेरिकेतील नासा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. त्या प्रयोगात आठ तरुणांच्या घोटा, पाठ व कपाळ येथे पोहोचणारा हादरा मोजला होता. धावताना घोट्याचा हादरा पाठ व कपाळ यांच्या दुपटीहून अधिक भरला. पटावर तो तिन्ही ठिकाणी जवळजवळ सारखा राहिला. लसीका मात्र मोजलीच नव्हती. तेव्हा त्या दाखल्याने लसीकेविषयी काहीच सिद्ध होत नाही.

कठीण जमिनीवरील उड्या वाढत्या मुलांची हाडे बळकट करतात. अतिरेक झाल्यास गुडघे व घोटे दुखावतात. पोटरीचे स्नायू तर दोन्ही प्रकारांत काम करतात. म्हणून शाळेने पटासाठी पैसा वेचण्याचे कारण नाही. मातीच्या मैदानावरील लंगडी, खो-खो व दोरीच्या उड्या पुरेशा आहेत. फरशी टाळावी, उतरताना चवड्यांवर उतरून गुडघे किंचित वाकवावेत, एवढे शिकवावे.

लसीकेचा खरा प्रश्न वेगळा आहे. विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर अशा जिल्ह्यांस हत्तीरोग परिचित आहे. डासांवाटे आलेले कृमी लसीकावाहिन्यांत राहून त्यांची हानी करतात. लागण पुष्कळदा बालपणी होते, पाय मात्र वर्षांनी सुजतो. तेथे कोणत्याही उड्या औषध नव्हेत. रोज साबणपाण्याने पाय धुऊन कोरडा करणे, जखमा जपणे, बसताना पाय उंच ठेवणे आणि घोटा हळूहळू हलविणे, हीच त्या पायाची निगा होय. सामुदायिक औषधोपचाराच्या दिवशी गोळ्या मुलांनी समक्ष गिळाव्यात, यासाठी शिक्षकाचा शब्द गावात मोलाचा ठरतो.

कवायतीत एखादा विद्यार्थी मागे पडला, तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वी त्याच्या पावलांकडे पाहावे. सूज दिसल्यास त्यास रांगेतून बाजूला बसवावे आणि पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. व्यायामाचा पहिला नियम शरीर ओळखण्याचा आहे, उडी त्यानंतरची.