‘फिट’ लिहिलेला कागद तुम्ही पाहिलाय का?

आज घरातलीच गोष्ट सांगतो.

माझा मामा कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत फेटलिंगला होता. फेटलिंग म्हणजे साच्यातून निघालेलं कास्टिंग ग्राइंडरने घासून साफ करायचं. साचा वाळूचा, त्यामुळे घासताना लोखंडाच्या भुकटीबरोबर सिलिकाही उडते. 17 वर्षं केलं त्यानं हे काम, तोंडाला रुमाल बांधून.

मग धाप लागायला लागली. टीबीची औषधं सुरू झाली. सहा महिन्यांचा कोर्स संपला, धाप तशीच. शेवटी मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरबाईंनी एक्स-रे हातात घ्यायच्या आधी विचारलं, "काम काय करता?" तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं!

निदान निघालं सिलिकोसिस. यात सगळ्यात घातक धूळ असते ती डोळ्यांना न दिसणारी. रुमालातून ती आरामात आत जाते, फुप्फुसात बसते, तिथं व्रण होतात आणि ते भरून येत नाहीत. बरं करणारं औषध नाही. वर टीबीचा धोकाही वाढतो, म्हणून पहिल्या डॉक्टरांनाही मी फार दोष देत नाही.

तुम्ही म्हणाल, कंपनीत तपासणी होत नव्हती का? व्हायची की, दरवर्षी! गाडी यायची, रांग लागायची. वजन, बीपी, शुगर, सही, झालं. आता बीपीच्या पट्ट्याला फुप्फुसातली धूळ कशी कळणार? धुळीत काम असेल तर छातीचा एक्स-रे हवा आणि स्पायरोमेट्री हवी, म्हणजे नळीत जोरात फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणं. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात काम असेल तर ऑडिओमेट्री. शिशाशी संबंध असेल तर रक्तातलं शिसं.

भोपाळ दुर्घटनेनंतर, 1987 साली, फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये कलम 41-सी आलं. धोकादायक प्रक्रियेत कामगाराला लावण्याआधी तपासणी, काम चालू असताना 12 महिन्यांच्या आत पुन्हा, आणि ते काम सोडल्यावरसुद्धा! धोकादायक उद्योगांच्या यादीत फाउंड्री आहेच. आणि आरोग्याची नोंद कामगाराला बघायला मिळाली पाहिजे, हेही त्याच कलमात होतं.

मामाला मी एकदा चिडून विचारलं, खोकला येतोय हे गाडीवाल्या डॉक्टरला का नाही सांगितलंस?

"सांगिटलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटातनं आत घेतलं असतं व्हय मला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगू, आजही पूर्ण नाही. पण एवढं कळतं की डाग लवकर दिसला असता तर त्याला धुळीतून बाजूला करता आलं असतं, निदान पुढचं नुकसान तरी कमी झालं असतं.

तुमच्यातले बरेच जण कॉन्ट्रॅक्टवर आहात. ठेकेदार बदलला की फाइल तिथंच राहते. म्हणून तपासणी झाली की रिपोर्टची कॉपी मागा, मोबाईलमध्ये फोटो काढा आणि घरच्यांनाही पाठवून ठेवा. स्पायरोमेट्रीचा यंदाचा आकडा एकटा फार काही बोलत नाही. गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवला की घसरण दिसते. ईएसआयचं कार्ड असेल तर तिथल्या डॉक्टरांना आपण नक्की काय काम करतो, किती वर्षं, हे स्वतःहून सांगा. सिलिकोसिस कामामुळे झाला असेल तर तो भरपाईच्या यादीत येतो, आणि तेव्हा हेच जुने कागद लागतात.

मामाच्या कंपनीतून आम्ही मोठ्या मिनतवारीनं त्याचे फॉर्म मिळवले. सहा वर्षांचे. सगळ्यांवर एकच शब्द, 'फिट'. एक्स-रेचा रकाना सहाही वर्षं कोरा.

तुमच्या फॉर्मवर काय लिहिलंय? बघा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.