दोन चौकटींच्या मधलं



वर्गात हिंदी, हाटात माळवी आणि घरी मराठी, अशी तुमची तीन भाषांची चैन आहे. पाहुण्यांनी मराठीत बोलावं असा निरोप तुमच्यापैकीच कुणीतरी धाडला होता, म्हणून मराठीत बोलतो. विषय मात्र पार न्यूयॉर्कचा काढलाय.

१५ ऑक्टोबर १९०५, रविवार. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या वर्तमानपत्रात पानभर रंगीत चित्रकथा सुरू झाली. नायक निमो नावाचा छोटा मुलगा. रात्री डोळा लागला की तो झोपेच्या देशात निघायचा. एकदा तर त्याच्या पलंगाचेच पाय लांबलचक झाले आणि पलंग शहरातल्या इमारतींवरून चालत सुटला. शेवटच्या चौकटीत दर रविवारी तेच: निमो जागा झालेला, पुष्कळदा पलंगावरून खाली पडलेला! हे काढणारे विन्सर मॅके. निमोसाठी त्यांनी आपल्याच मुलाला, रॉबर्टला, डोळ्यांपुढे ठेवलं होतं.

तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना ‘सकाळ’ या वर्तमानपत्रातल्या चित्रकथेतला चिंटू आठवेल. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१मध्ये तो सुरू केला. आता समजा, पहिल्या चौकटीत चिंटूच्या हातात बॉल आहे आणि दुसरीत खिडकीची काच फुटलेली आहे. मधे बॉल उडाला, तो कुणी काढला? कुणीच नाही. तो तुम्ही मनातल्या मनात फेकलात. चित्रकथेतलं अर्धं काम वाचकच करतो, आणि त्याबद्दल त्याला कुणी एक पैसा देत नाही.

मॅके यांना नेमकं हे मधलंच काढायचं होतं. रॉबर्टने घरी आणलेली, भराभर पानं उलटली की चित्र हलतं तसली छोटी पुस्तकं पाहून त्यांच्या डोक्यात ते बसलं. पातळ कागदावर एकामागून एक चित्र. आकृती थरथरू नये म्हणून कोपऱ्यात खुणा, दर वेळी कागद तिथंच बसवायचा. अशी चार हजार चित्रं त्यांनी काढल्याचं सांगतात. सेकंदाला सोळा धरा: चार मिनिटांत सगळी खलास! १९११ साली या चित्रांचा सिनेमा लोकांनी पाहिला. सुरुवातीला खरे मॅके दिसतात. मित्र त्यांना हसतात, मग कागदाचे गठ्ठे आणि शाईची पिंपं येतात. पुढे निमो आणि मंडळी लांबतात, आखडतात, ड्रॅगनच्या गाडीत बसून निघून जातात. गोष्ट अशी नाहीच. मला ते आवडतं. चित्र हलतंय हीच तेव्हा गोष्ट होती. त्यातलं इम्पी हे पात्र मात्र आज बघवत नाही. आफ्रिकी माणसाची तशी टिंगल त्या काळी तिथं सर्रास चाले.

त्याच सुमारास आपले दादासाहेब फाळके मुंबईत सिनेमाच्या नादाने झपाटले होते. १९१२मध्ये ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण ‘राजा हरिश्चंद्र’ या सिनेमासाठी पैसे कुठे होते? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र टिपत राहिले. पडद्यावर कोंब फुटला, वेल सरसर चढली. ती पाहून एका व्यापाऱ्याने कर्ज दिलं. सोयाबीन पेरल्यावर रोज शेताच्या बांधावर जाणाऱ्या तुमच्या आजोबांना विचारा, कोंब हलताना त्यांनी कधी पाहिलाय का. फाळक्यांनी १९१५मध्ये आगकाड्याही नाचवल्या. त्यांना मधली चित्रं हातानं काढावी लागली नाहीत. वाटाणा आपोआप वाढत होता, आगकाड्या मात्र दर वेळी हातानं सरकवाव्या लागल्या. कंटाळा मॅके आणि फाळके दोघांच्याही वाट्याला सारखाच आला असणार.

मुलांनो, जुनी वही घ्या. शेवटच्या पानापासून उलट्या क्रमाने, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक ठिपका काढा, दर वेळी केसभर वर सरकवत. तीस-चाळीस पानं झाली की अंगठ्याने फर्रकन सोडा. ठिपका उडतो, हे मी पैजेवर सांगतो. आठव्या-दहाव्या पानाला हात दुखेल आणि उडी घ्यावीशी वाटेल. घेतलीत तर ठिपकाही तिथं उडीच घेईल, लगेच कळेल.

मुख्याध्यापक सर, वहीच्या कोपऱ्यांपुरती तेवढी परवानगी द्या. गणिताची वही सोडून, असं मीच सांगून टाकतो. बक्षिसं अजून वाटायची आहेत आणि पुढच्या रांगेतली मंडळी मघापासून त्या टेबलाकडे बघतायत, तेव्हा मी बसतो.